नालबंद घोड्यावर

स्पर्धांचे दिवस सुरू झाले की आमच्या तबेल्यात कोणी कोणाशी सरळ बोलत नाही. सगळे एकमेकांवर खेकसतात, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो. तबेला मी चालवते, तेव्हा तो हक्कही माझाच. पांढऱ्या घोडीला आदल्या संध्याकाळी शाम्पूनं न्हाऊ घालावं, तर सकाळपर्यंत बाईसाहेब स्वतःच्याच लिदीत लोळून हिरव्यागार. आयाळीच्या वेण्या घालताना आपली बोटं वाकडी व्हावीत, आणि घोड्यानं दाराच्या कडीला मान घासून अर्ध्या वेण्या उसवून ठेवाव्यात. वर माणसांची तऱ्हा वेगळीच. आमच्याकडे घोडा ठेवणाऱ्या एक दंतवैद्यबाई आहेत. दर स्पर्धेला त्यांचे पांढरे हातमोजे हरवतात, सगळा तबेला पालथा घालून होतो आणि शेवटी ते त्यांच्याच खिशात सापडतात. रोज लोकांच्या तोंडात बोट घालणारी बाई स्वतःच्या खिशात हात घालत नाही, आता बोला!

अशा तारांबळीत एका सकाळी बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "या वेळी मीपण उतरणार आहे स्पर्धेत."

माझ्या हातात लीद ओढायचं फावडं होतं. ते मी आधी खाली ठेवलं.

"कशात उतरणार?"

"ते तुमचं आकृत्यांचं असतं ना, त्यात. उड्यांत नाही. एवढा काही मी खुळा नाही."

"थोडे आहात," मी म्हणाले आणि फावडं परत उचललं.

माझे बाबा नालबंद. सगळा जन्म त्यांनी घोड्याच्या खुरांना नाल ठोकण्यात घालवला. घोड्याचा पाय दोन गुडघ्यांत धरायचा, कमरेत वाकायचं आणि तसंच वाकून राहायचं. मी लहानपणापासून बाबांना पाहिलं ते असं, वरून. त्यांच्या टकलावरचा घाम आणि धनुकलीसारखी वाकलेली पाठ. हातोड्यानं कानही अर्धे गेले, त्यामुळे ते कुजबुजले तरी तीन ठाणांपलीकडचा घोडा मान वळवतो. भट्टी बंद केली त्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "आयुष्यभर घोड्याच्या खाली वाकलो. आता वर बसायचंय." आम्हाला कौतुक वाटलं. मीच शिकवायला घेतलं. घोडा दिला तो मास्तर. मास्तर हे आमच्या सगळ्यांत म्हाताऱ्या, तपकिरी घोड्याचं नाव. या तबेल्यात जो कोणी शिकला तो त्याच्याच पाठीवर शिकला.

आणि गेल्या वर्षी त्याच मास्तरवरून बाबा पडले. घोडा उधळला वगैरे नव्हता. कुंपणाशी हिरवं गवत दिसलं म्हणून मास्तरनं मान खाली घातली, आणि बाबा त्या मानेवरून घसरगुंडीसारखे पुढे गेले. गळपट्टीचं हाड मोडलं. मी पळत गेले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. डोळे उघडून "गवत चांगलंय तुझ्याकडे" म्हणाले खरे, पण त्याआधीचा तो वेळ मी अजून विसरलेली नाही. मला एकच बाप आहे आणि तो मला अखंड हवाय. म्हणून मी फर्मान काढलं: घोड्यावर बसायचं ते मी समोर असतानाच, आणि लांब दोरी माझ्या हातात असतानाच. मी मध्ये उभी, घोडा माझ्याभोवती गोल गोल, बाबा वर. जत्रेतल्या पाळण्यात पोराला बसवतात तसं.

"तो अपमान आहे दादाचा," आत्या म्हणायची. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती आमच्याकडेच राहते, खोगिरं पुसते, वेण्या घालते आणि प्रत्येक भांडणात भावाची बाजू घेते.

तर त्या दिवशी जेवताना विषय पुन्हा निघाला. निघाला कसला, बाबांनी काढला.

"एकदा. एकदाच मला ती चाचणी करू दे. दोरीशिवाय, लोकांसमोर."

"आणि पडलात तर?"

"चालता चालता कोण पडतं?"

"तुम्ही! तुम्ही तर उभ्या घोड्यावरून पडलात!"

आत्यानं आमटीच्या भांड्यातला डाव जोरात आपटला. "हे बघ फौजदार," ती म्हणाली. घरात मला फौजदार म्हणतात, लाडानं म्हणतात असं मी समजते. "रोज उठून भांडण नको. काय ते एकदाच ठरवा."

मग ठरलं. बाबांनी मास्तरवरून चाचणी शेवटपर्यंत पूर्ण केली, बाद न होता, तर मी पुन्हा तोंड उघडायचं नाही. दोरी गेली, पहारा गेला. आणि बाद झाले, तर घोड्यावरून उतरायचं ते कायमचं. बाबांनी ताबडतोब हात पुढे केला. मी तो धरला, कारण मला खात्री होती. चाचणी सबंध पाठ लागते, घोडा हाताखाली लागतो, आणि बाबांचा सगळा सराव माझ्या दोरीच्या टोकाला. कसली पूर्ण करतायत! मनातून मी त्यांना हरलेलंच पाहत होते. वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त हायसं वाटत होतं.

आता ही चाचणी म्हणजे काय ते सांगते. आयताकृती रिंगण असतं, कडेनं अक्षरांच्या पाट्या. अमक्या पाटीपासून तमक्या पाटीपर्यंत चाल, तिथून दुडकी, मग एक गोल, मग तिरकं जायचं, असं सगळं आधीच ठरलेलं. स्वार विसरू नये म्हणून बाहेर एक जण कागद घेऊन मोठ्यानं वाचत राहिला तरी चालतं. फक्त कागदावरचंच वाचायचं. एक शब्द जास्तीचा बोललात तर ती बाहेरची मदत, आणि स्वार बाद. आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. अख्खी चाचणी सलग, त्याच घोड्यावरून, कधीच घोकायची नाही. तुकड्या-तुकड्यानं करायची. कारण घोडा ती पाठ करतो आणि मग तुमचं न ऐकता स्वतःच म्हणून दाखवतो.

बाबांचा सराव बघून मात्र माझी हसून पुरेवाट झाली. दुपारी अंगणात कपड्यांच्या दोरीखालून ते स्वतःच्या पायांनी दुडकी चालायचे, आणि आत्या पायरीवर बसून कागद वाचायची. "डावीकडे वळ, दादा! गोल मोठा घे! अरे, तुझ्या मागच्या पायात जोर नाही!" ओल्या चादरी बाजूला सारत माझा म्हातारा बाप टपाटप पळतोय. म्हटलं, करू दे. मास्तरच्या खोगिराखालचं कापड सकाळी सकाळी ओलं लागायचं, तेव्हा मी आत्याला विचारलंही होतं. "धुतलंय मी," ती म्हणाली. आत्या कामसू आहेच. मला शंका कशाला येईल?

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून माझ्या डोक्यावर मिरे वाटले जात होते. घोडीचा एक नाल ढिला निघाला, दंतवैद्यबाईंचे हातमोजे हरवले, आणि बाबांना कोट होईना. काळा कोट त्यांनी बाईंच्या यजमानांकडून मागून आणला होता. पाठीत बरोबर, पण पोटावर बटण लागेना. आत्यानं दोरा-सुई काढून बटण काजाच्या कडेला असं काही शिवून टाकलं, की तो कोट आता उसवल्याशिवाय निघणार नव्हता.

"श्वास घेऊ नकोस फार," तिनं बजावलं.

"अजिबात घेत नाही," बाबा म्हणाले.

कागद वाचायला मीच उभी राहणार होते. बाबांचाच हट्ट. "तुझा आवाज मला ऐकू येतो. बाकी कोणाचा येत नाही." हे खरं होतं. माझा आवाज पलीकडच्या गल्लीतही ऐकू येतो. वाचणारा लांब बाजूच्या मध्यावर, 'बी' अक्षराच्या पाटीशी, कुंपणाबाहेर उभा राहतो. तिथे मी जाऊन उभी राहिले. परीक्षा त्यांची, आणि कागदावरच्या ओळी घोकतेय मी.

घंटा झाली. बाबा आत आले.

मधल्या रेषेवरून सरळ आले, थांबले, परीक्षकबाईंना मान लववून नमस्कार केला. पहिला धक्का मला तिथेच बसला. मास्तर चारही पाय एका ओळीत ठेवून खांबासारखा उभा होता. हा घोडा! जो उभा राहिला की एक पाय दुमडून डुलकी काढतो तो! मी पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं, तोवर तो दुडक्या चालीत निघालासुद्धा. मी म्हणाले, "उजवीकडे," तोवर तो वळला होता. मी "गोल" म्हणेपर्यंत त्याचा अर्धा गोल झाला. मी वाचत होते आणि मास्तर माझ्या पुढे पुढे. परीक्षेला बसलेल्या पोराला प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर येत असावं, तसं चाललं होतं.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या घोड्याला चाचणी पाठ आहे. सबंध. म्हणजे कोणीतरी ती त्याच्याकडून घोकून घेतलीये. दोरीशिवाय. रोज.

मी रिंगणापलीकडे आत्याकडे पाहिलं. आत्या आभाळ बघत होती.

तेवढ्यात मास्तर गोल संपवून लांब बाजूनं माझ्याकडे आला, 'बी'च्या पाटीशी पोचला आणि थांबला. थांबला म्हणजे काय, रुतला. चाचणीत तिथे थांबायचं नाहीये. बाबांनी टाच दिली. ढिम्म. पुन्हा दिली. मास्तर कान टवकारून कुंपणाबाहेर बघतोय, आणि कुंपणाबाहेर मी. घोडा असा अडून राहिला आणि फार वेळ गेला, तर घंटा वाजते आणि स्वार बाद. परीक्षकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

बाबांच्या कपाळावर घाम आला. मग ते मास्तरच्या मानेवर जरासे वाकले आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाले, "झोपलीये. चल."

मास्तर निघाला.

सगळ्या प्रेक्षकांनी ऐकलं ते. कोणीतरी फिसकन हसलं. मला मात्र क्षणभर काही दिसेना. घरी आमच्या रिंगणाची लांब बाजू घराला लागून आहे, आणि त्या बाजूच्या बरोबर मध्यावर माझ्या झोपायच्या खोलीची खिडकी. म्हणजे रोज पहाटे, मी उठायच्या आत, हा माणूस दोरीशिवाय त्याच घोड्यावर. प्रत्येक फेरीला खिडकीखाली थांबायचं, पडदा हलतोय का बघायचं, "झोपलीये, चल" म्हणायचं आणि पुढे. घोड्यानं चाचणीबरोबर तेही पाठ केलं!

असा संताप आला म्हणून सांगू! आजूबाजूला चिटपाखरू नसताना हे पडले असते तर? मी आत घोरत पडले असते आणि हे बाहेर मातीत! पुढची ओळ मी अशी ओरडले की परीक्षकबाई दचकल्या. "तिरकं! कोपऱ्यापर्यंत! दुडकी!" शब्द कागदावरचेच होते, पण सूर शिव्यांचा.

बाबा तिरके निघाले, माझ्याकडे पाठ करून. आणि मी पुढचं वाचायचं विसरले.

ती पाठ सरळ होती. मांड घट्ट, हात शांत, खांदे मागे. घोड्याच्या चालीबरोबर ते मऊ वरखाली होत होते, आणि पाठ ताठ. मी बाबांची पाठ सरळ कधी पाहिलीच नव्हती. चालतानासुद्धा ते जरा वाकूनच चालतात, भट्टीपुढे असल्यासारखे. मला वाटायचं, ती आता तशीच झाली, त्याला काही इलाज नाही. दोरीच्या टोकाला मी त्यांना इतके दिवस फिरवलं, तिथेही ते पोक काढून बसायचे आणि सारखे माझ्या तोंडाकडे बघायचे. हा माणूस, जो समोर चालला होता, तो मला ठाऊकच नव्हता. मला रडू फुटलं. राग तसाच होता, वर रडूही.

दिशा बदलून बाबा पुन्हा लांब बाजूला लागले, आता उलट्या अंगानं. आणि 'बी'च्या पाटीशी, माझ्यासमोर, मास्तर पुन्हा थांबला.

आता बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मघाशी ते शब्द सवयीनं तोंडून गेले होते. आता मात्र मी टक्क जागी समोर उभी, आणि सगळं कळलेली. त्यांचा चेहरा शाळेत कॉपी करताना धरलेल्या मुलासारखा झाला. ओठ हलले, पण शब्द फुटेना. नुसती टाच देत राहिले, आणि मास्तर टाचेला दाद देईना. त्याला ते दोन शब्द हवे होते.

मला काही करायचंच नव्हतं. नुसतं उभं राहायचं. घंटा वाजली असती, बाबा खाली उतरले असते, कायमचे, ठरल्याप्रमाणे. माझा बाप अखंड राहिला असता. हेच तर मी मागत होते. परीक्षकबाईंचा हात घंटेकडे गेला. बाबांची पाठ माझ्या डोळ्यांदेखत वाकायला लागली, खांद्यांपासून हळूहळू, जुन्या जागी.

ते मला बघवेना. बोलायची तर सोय नव्हती. एक शब्द बोलले असते तर तेवढ्यानंच ते बाद. म्हणून मी डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यावर टाकली. घोरायचाही मोह झाला, पण आवाज म्हणजे बाहेरची मदत.

मग बाबा हसल्याचं ऐकू आलं, नाकातून, दाबून.

"झोपलीये," ते म्हणाले. "चल."

आणि खुरांचा आवाज माझ्यासमोरून पुढे गेला.

पुढची ओळ मी तशीच, डोळे मिटून, पाठ म्हटली. त्याच्या पुढचीही. डोळे उघडले ते त्यांच्या शेवटच्या नमस्काराला. तेव्हा कोटाचं बटण तुटून उडालं आणि ते पोट सुटलेले, घामाघूम, ताठ बसलेले बाबा हसत होते.

निकालात ते शेवटचे आले, पण बाद झाले नाहीत. परीक्षकबाईंनी जवळ बोलावून विचारलं, "मध्यावर दोनदा थांबलात ते कशाला? चाचणीत तो थांबा नाहीये."

"आमच्या घरच्या चाचणीत आहे," बाबा म्हणाले.

परतायच्या तयारीत, घोडे ट्रेलरमध्ये चढवायच्या आधी, मी राग आवरून सामान बांधत होते. आत्या आणि बाबा एकमेकांच्या आड लपायचा प्रयत्न करत होते. शेवटी मी फुटलेच.

"हेल्मेट घालत होतात का? खरं सांगा!"

"घालत होतो. ही घातल्याशिवाय सोडायचीच नाही."

"आणि तू, आत्या? तुला काही वाटलं नाही? कापड धुतलंय म्हणे!"

"वाटलं ना," आत्या म्हणाली. "पहिले आठ दिवस कुंपणाला धरून उभी राहिले. मग बरं वाटायला लागलं. दादा छान दिसतो गं वर बसलेला."

मी मास्तरच्या वेण्या सोडवत बसले. बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. एका हातानं घोड्याची मान थोपटत, खालच्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा, ते म्हणाले, "तू नको म्हणालीस तर नाही बसणार मी. पैज गेली खड्ड्यात. तुला भीती वाटते, ते मला कळतं."

"वाटतेच. वाटणारच. मरेपर्यंत वाटणार."

"मग?"

मी वेणीचा दोरा ओढला. तो सुटेना, आणि मला समोरचं नीट दिसेना.

"मग उद्यापासून मला उठवायचं," मी म्हणाले. "मी दोरी धरणार नाही. मध्ये उभी राहणार नाही. कुंपणावर बसेन."

"तू ओरडशील."

"ओरडेन. पण रोज पहाटे माझ्या खिडकीखाली हे सगळं चाललं होतं, आणि ते आत्यानं पाहिलं, घोड्यानं पाहिलं, फक्त मी नाही पाहिलं. मला बघायचंय तुम्हाला, बाबा."